थांबवून ठेवलेली नक्षी

चंद्रकांतकाकांचा लॅपटॉप देवश्रीनं आपण होऊन हातात घेतला होता. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पुढे जे झालं त्यात तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच.

देवश्री मूळची पुण्याची, वय एकोणतीस. बंगळुरात बनशंकरीला सेकंड स्टेजमध्ये काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ती भाड्यानं राहत होती, त्याला दीड वर्ष झालं होतं. नोकरी हेब्बाळला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तीन दिवस तिकडे जायचं आणि दोन दिवस घरून काम. घरून काम असलं की अकरा वाजता खालून काकांची हाक यायची, "देवश्री, काफी झालीय गं!" काका सांगलीचे, पण पन्नास वर्षं बंगळुरात काढल्यावर कॉफीची काफी झाली होती आणि 'बरं'चं 'सरी'. एका सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर रडारं बनवली. विद्याकाकू धारवाडच्या. माहेरी मराठी बोलणाऱ्या आणि शेजारणींशी कन्नडमध्ये भांडणाऱ्या.

काकूंचा जीव कसुतीत होता. कसुती म्हणजे त्यांच्या माहेरच्या भागातला कशिदा. कापडावर आधी काही काढायचं नाही, धागे मोजून टाके घालायचे. गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावनं सगळी अशी मोजून उभी राहतात. त्यातल्या गवंतीच्या टाक्यात सुई एका वाटेनं एकाआड एक टाका घालत पुढे जाते आणि त्याच वाटेनं परतताना मधल्या मोकळ्या जागा भरत येते. गाठ मारायची नाही. कापड उलटं केलं तरी तीच नक्षी दिसली पाहिजे. काकू नवी नक्षी रचायच्या आणि काही वेळा अर्ध्यावर कळायचं की सुईला परतायला वाटच नाही. मग सगळं उसवायचं. ते पाहून चौऱ्याण्णव साली काकांनी त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चौकटी, बाणांच्या कळा दाबून एकेक टाका घालायचा आणि प्रोग्रॅम सांगणार की सुई कुठून जाईल आणि कुठून परत येईल. नाव ठेवलं 'टाका'.

पाच वर्षांपूर्वी काकूंना कंपवातानं गाठलं. सुई धरणं संपलं. पण कळ दाबता येत होती. थरथरतं बोट कळेवर ठेवायचं, थोडं थांबायचं, मग दाबायचं. चुकून दोनदा दाबलं गेलं तर एक मागे. काकू नक्षी रचायच्या आणि देवनहळ्ळीहून यल्लव्वा ती पुरी झाली की येऊन छापील कागदावरून कापडावर उतरवायला घेऊन जायची. यल्लव्वा बावीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होती.

काकांचा तो जुना प्रोग्रॅम जुन्याच कॉम्प्युटरवर चालायचा. सहा वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटर मेला तेव्हा गांधी बाजारातल्या एका दुकानदारानं त्यांना लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, नुसता सॉफ्टवेअरनं उभा केलेला. पोटातल्याला वाटतं आपण तीस वर्षांपूर्वीचं यंत्र आहोत, आणि 'टाका' त्यात सुखानं चालतो.

त्या शनिवारी काफी पिताना देवश्रीची नजर सहज लॅपटॉपवर गेली आणि ती जवळजवळ ओरडलीच, "अहो काका, हे तर आमचं सॉफ्टवेअर आहे! मी हेच बनवते!"

काकांना कोण आनंद झाला. "म्हणजे आमची इतकी वर्षांची सोय तुझ्या हातची?"

"माझ्या एकटीच्या नाही हो. पण केवढं जुनं व्हर्जन वापरताय! आणि लॅपटॉपचे दोन वर्षांचे अपडेट पडून आहेत. थांबा, सगळं नवीन करून देते. बघा कसं पळेल."

काका म्हणाले, "चालतंय ते स्वल्प हळू, पण चालतंय." हा नकार होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं. तिनं दोन तास बसून सगळं नवं केलं आणि काकूंना हाक मारली. काकू खुर्चीत बसल्या आणि मशीन सुरू करायचं बटण दाबलं.

पडद्यावर 'टाका' आला नाही. एक चौकोन आला. जपून ठेवलेल्या मशीनचं फर्मवेअर एकशे अठ्ठावीस केबी, इथलं दोनशे छप्पन्न केबी, मेळ बसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली दोन बटणं होती. एक 'रद्द करा' आणि दुसरं 'जपलेली स्थिती टाकून द्या, नव्यानं सुरू करा'.

काकूंचं बोट दुसऱ्या बटणाकडे निघालं होतं. नव्यानं सुरू करायला काय हरकत, असं त्यांना वाटलं असणार. देवश्रीनं त्यांचा हात धरला.

"काकू, थांबा. शेवटची नक्षी कुठे सेव्ह केलीय?"

"सेव्ह कुठे होतं? ते फ्लॉपी मागतं. फ्लॉपी कुठली आणू?" काकू म्हणाल्या. "आम्ही मशीन नुसतं थांबवतो. नक्षी पुरी झाली की यांच्याकडून छापून घेते आणि मग पुढची."

"आणि आत्ता जी चालू आहे ती?"

"ती फेब्रुवारीपासून चालली आहे," काका म्हणाले. "आता ऑक्टोबर."

आठ महिन्यांचे टाके त्या थांबवलेल्या मशीनच्या स्मृतीत होते आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. तिनं जुनं व्हर्जन परत बसवायचा प्रयत्न केला. पण लॅपटॉप आता इतका नवा झाला होता की जुनं व्हर्जन त्यावर बसेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हात दुसऱ्याचा होता.

"मी बघते," ती म्हणाली. "ह्याला कोणी हात लावू नका. काकू, ते दुसरं बटण तर अजिबात नाही."

"सरी," काकू म्हणाल्या आणि हात मांडीवर घेतले. मांडीवरही ते थरथरतच होते.

रविवार तिनं कसाबसा काढला. सोमवारी ऑफिसात पोचल्यावर बॅगसुद्धा खांद्यावरून न उतरवता तिनं शोध सुरू केला.

कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी जो छोटासा प्रोग्रॅम जागा होतो तो फर्मवेअर. पोटातल्या खोट्या कॉम्प्युटरलाही तो लागतो. गेल्या काही वर्षांत त्यात नवनव्या गोष्टी घालाव्या लागल्या, तो फुगला आणि एकशे अठ्ठावीस केबीच्या कप्प्यात मावेना, म्हणून कप्पा दुप्पट केला. इथवर कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पण थांबवलेलं मशीन जागं करताना त्याच्या स्मृतीचा एकेक कप्पा जसा होता तसाच जागच्या जागी बसवावा लागतो, आणि कप्प्याचं माप बदललं तर तो बसत नाही. म्हणून जुन्या मशीनसाठी जुनी, लहान फाइलही सॉफ्टवेअरबरोबर द्यायची, असा रिवाज होता. ती फाइल नव्या व्हर्जनमध्ये नव्हती. कोणीतरी काढून टाकली होती.

कोणी, ते शोधायला तिला चार मिनिटं लागली. मार्चमधला बदल होता. मल्हारनं, म्हणजे तिच्या टीमच्या प्रमुखानं, त्याखाली विचारलं होतं, 'जुन्या प्रकारच्या मशीनचं काय?' आणि उत्तर होतं, 'इतकी जुनी मशीन आता कोणी वापरत नाही. साफसफाई करून टाकू.' उत्तराखाली नाव होतं देवश्रीचं.

मार्चमध्ये ती ओळ लिहिताना आपण काय करत होतो, हे तिला आठवेना. बहुधा जेवायला जायची घाई असेल. आणि त्याच महिन्यात, तिच्याच खोलीच्या बरोबर खाली, काकू बोट कळेवर ठेवून थांबत होत्या आणि मग दाबत होत्या.

संध्याकाळी ती वर न जाता आधी काकांच्या दारात उभी राहिली. काका भाजी निवडत होते, काकू शेजारी बसल्या होत्या.

"कारण सापडलं," ती म्हणाली आणि कप्प्याची, मापाची सगळी हकिकत सांगितली.

काकांनी मान हलवत ऐकलं. इंजिनीअरच ते. "जुनी फाइल ठेवायला हवी होती," ते म्हणाले. "माप बदलणाऱ्यानं जुन्याची सोय आधी बघायची असते. आमच्याकडे एक बोल्ट बदलला तरी विचारायचे, आधीच्या चाळीस रडारांचं काय? कोणी काढली ती फाइल?"

"मी."

घेवड्याची शेंग काकांच्या हातात तशीच राहिली.

"मीच काढली, काका. मला विचारलंही होतं, जुन्यांचं काय म्हणून. मी लिहिलं, कोणी वापरत नाही. आणि शनिवारी मीच येऊन तुमच्याकडे ते बसवलं."

काकांनी शेंगेची शीर काढली, ती बाजूला ठेवली आणि उठून आत गेले. रागानं गेले की नुसतेच, हे तिला कळेना. दारात उभ्या उभ्या तिचे डोळे भरून आले आणि याची तिला आणखीच लाज वाटली, कारण रडायचं असेल तर ते काकूंनी रडायचं होतं.

"बैस इथे," काकू म्हणाल्या. "पायताणं काढ आणि बैस."

ती बसली.

"अगं, एवढं काय त्यात? नाही आलं परत तर मी दुसरी रचीन."

दोघींनाही माहीत होतं की हे खरं नाही. फेब्रुवारीत काकू दिवसाला चाळीस टाके घालायच्या. आता दहा झाले तरी दमून जायच्या. डॉक्टरांनी औषध दोनदा वाढवलं होतं. तरी काकू ते इतक्या सहज म्हणाल्या की देवश्रीला मान वर करता येईना.

"कोणासाठी आहे ती नक्षी?" तिनं विचारलं.

काकूंनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यल्लव्वासाठी. बावीस वर्षं लोकांच्या साड्या भरते आहे. तिच्या अंगावर कधी कसुतीची साडी पाहिलीस? काळी चंद्रकळा आणून ठेवलीय मी. पण तिला सांगायचं नाही हं. स्वतःची आहे म्हटलं तर ती दोन हत्ती घालील आणि पुरे म्हणेल. परक्याची म्हटली की जीव ओतते."

तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांच्या हातात काफीचे तीन पेले होते. देवश्रीच्या पुढ्यात एक ठेवत ते म्हणाले, "सत्त्याऐंशी साली माझ्या एका चुकीमुळे हवाई तळावर सहा दिवस रडार बंद होतं. मी साहेबाला सांगायला तीन दिवस लावले. तू दोन दिवसांत आलीस." मग म्हणाले, "राग आलाय मला. नाही असं नाही. पण ते नंतर बघू. आता पुढचं सांग. काय करायचं?"

पुढचं ठरलं ते असं. बुधवारी देवश्रीचं घरून काम असे. त्या दिवशी खालच्या टेबलावरच तिनं आपलं सामान मांडलं. काकांनी आधी थांबवलेल्या मशीनच्या फाइलीच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर करायला लावल्या, त्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एक देवघरात ठेवली. "बिघडलं तर प्रतीवर बिघडू दे," म्हणाले.

मग तिनं कंपनीच्या जुन्या साठ्यातून ती एकशे अठ्ठावीस केबीची फाइल काढली, नव्या सॉफ्टवेअरमध्ये परत घातली आणि असं लिहिलं की मशीन जुन्या प्रकारचं दिसलं तर मोठी फाइल सोडून ही लहान घ्यावी. सगळं नव्यानं बांधून व्हायला पाऊण तास लागणार होता. तो पाऊण तास काका पडद्यावरच्या पळत्या ओळी वाचत बसले, जशा काही त्यांना त्या कळतच होत्या. निम्म्या कळतही असाव्यात.

"हं, लाव," काका म्हणाले.

तिनं सुरू केलं. तोच चौकोन परत आला.

"गेलं का?" काकूंनी आतून विचारलं.

देवश्रीनं चौकोन नीट वाचला. तोच नव्हता. एकशे अठ्ठावीसची तक्रार मिटली होती. आता तक्रार दुसऱ्या कप्प्याची होती. चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या भागाचंही एक छोटं फर्मवेअर असतं, ते बत्तीस केबी होतं आणि आता चौसष्ट झालं होतं. हेही मार्चच्याच साफसफाईतलं. पण ही जुनी फाइल तिला साठ्यात सापडेना. तिनं मल्हारला फोन लावला.

"चौसष्टवालीच कापून बत्तीसची नाही का होणार?" मल्हारनं विचारलं. "आतला मजकूर काय, जपलेल्या स्थितीतूनच येतो. कप्पा फक्त मापाचा हवा."

"होईल. पण मला अंदाजानं काही करायचं नाहीये, मल्हार. मार्चमध्ये तेच केलं होतं."

तो म्हणाला, "थांब. माझ्या जुन्या मशीनवर दोन वर्षांपूर्वीचं सगळं आहे. पाठवतो." आणि पाठवलीही.

पुन्हा पाऊण तास. मधे जेवणं झाली. काकूंनी आमटी भात जेमतेम चार घास खाल्ला आणि मग त्याही येऊन टेबलाशी बसल्या. तिघंही एका रांगेत, लग्नाच्या पंगतीत वाढपी यायची वाट बघावी तसे.

या वेळी चौकोन आला नाही. एक काळी पट्टी सरकत सरकत शंभरापर्यंत गेली, पडदा क्षणभर पूर्ण काळा झाला, आणि मग हिरव्या बारीक चौकटींचं जाळं उमटलं. त्यावर पांढऱ्या रेघांनी भरलेला अख्खा पदर. मधोमध गोपूर, दोन्ही बाजूंना हत्ती, खाली वृंदावनांची ओळ, आणि उजव्या कोपऱ्यात अर्धवट राहिलेला मोर. मोराच्या मानेपाशी कर्सर लुकलुकत होता. कोपऱ्यातलं घड्याळ त्या शनिवारच्या आदल्या दिवसावरच थांबलं होतं आणि आता, काही झालंच नाही अशा थाटात, पुढे सरकू लागलं.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

काकूंनी बोट पुढे केलं, कळेवर ठेवलं आणि थांबल्या. मग दाबलं. मोराच्या मानेवर एक पांढरी रेघ वाढली.

"विसाव्या चौकटीत होते मी," त्या म्हणाल्या. "लक्षात होतं."

"काकू, एक मिनिट. आधी हे सुरक्षित करू या." देवश्रीनं मशीनच्या सेटिंगमध्ये पाहिलं. फ्लॉपीची खाच पहिल्यापासून होती, नुसती रिकामी. तिनं लॅपटॉपवर फ्लॉपीएवढी एक कोरी फाइल तयार केली आणि ती त्या खाचेत घातल्यासारखी जोडली. "आता सेव्ह करा बघू."

काकूंनी केलं. 'टाका' क्षणभर थबकला आणि म्हणाला, जपलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"सहा वर्षं!" काका म्हणाले. "सहा वर्षं आम्ही हे जनावर झोपवून झोपवून सांभाळलं, आणि दोन मिनिटांचं काम होतं?" आणि ते हसायला लागले. काकूही हसू लागल्या. काकूंचं हसू पाहून देवश्रीला आधी हायसं वाटलं आणि मग तीही हसत सुटली, इतकी की तिला पाणी प्यावं लागलं.

गुरुवारी ऑफिसात तिनं दोन्ही जुन्या फाइली परत घालण्याचा बदल कायमचा लिहून दिला, आणि त्याबरोबर एक चाचणीही. जुनं थांबवलेलं मशीन दर नव्या व्हर्जननं जागं करून बघायचं, नाही झालं तर व्हर्जन बाहेर पाठवायचं नाही. मार्चच्या आपल्या उत्तराखाली तिनं लिहिलं, 'हे माझं चुकलं होतं. वापरतात.'

बैठकीत कोणीतरी हिंदीत विचारलंच, एका माणसासाठी एवढं? ती म्हणाली की आपल्याला एक दिसलाय, किती आहेत ते आपण मोजलेलंच नाही. मल्हार म्हणाला, "मार्चमध्ये मी तिचं उत्तर न तपासता होकार दिला होता, तेव्हा निम्मी चूक माझी," आणि विषय तिथे संपला.

काकांचा राग मात्र 'नंतर बघू' म्हणाले तसा खरोखर नंतर आला. शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं ते तिला बोलले. न विचारता दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये, 'चालतंय' म्हटलं की चालू द्यावं, आणि नवं म्हणजे चांगलं ही तुमच्या पिढीची समजूत आहे. देवश्रीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी काका म्हणाले, "सरी. आता माझ्या फोनमध्ये ते अक्षर मोठं कसं करायचं ते दाखव. पण फक्त तेवढंच कर."

मोर पुरा व्हायला काकूंना आणखी अकरा दिवस लागले. यल्लव्वा आली तेव्हा छापील कागद टेबलावर चिकटवून जोडून ठेवले होते. ती साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डाव्या हाताच्या तर्जनीला सुईनं झालेले घट्टे. तिनं चष्मा लावला आणि कागदावर बोट फिरवत टाके मोजू लागली. गोपुरापाशी थांबली, हत्तींपाशी थांबली. मोराच्या मानेपाशी पुन्हा मोजलं.

"अक्का, हे तुमच्या हातचं?" तिनं विचारलं. "ह्या हातांनी?"

"मग कोणाच्या?"

यल्लव्वानं काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. तिच्या मुठीत तो थरथरत राहिला, पण तिनं काही सोडला नाही. मग काकूंनी कपाटाकडे बोट दाखवलं. देवश्रीनं काळी चंद्रकळा आणून दिली.

यल्लव्वानं कापड बोटांनी चोळून पाहिलं, उजेडाकडे धरून धागे पाहिले. "चांगली आहे. कोणाची ही साडी? कोण नेसणार?"

काकूंनी देवश्रीकडे पाहिलं. देवश्री खिडकीबाहेर बघू लागली.

"आहे एक बाई," काकू म्हणाल्या. "फार चोखंदळ आहे. एक धागा इकडचा तिकडे झाला तर लगेच ओळखील. घाई करू नकोस, सावकाश कर."

"तुम्ही बघाच, अक्का," यल्लव्वा म्हणाली. तिनं कागदांची सुरळी केली, साडी तिच्याभोवती अलगद गुंडाळली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवली. काका तिला देवनहळ्ळीच्या बसपर्यंत सोडायला चपला शोधू लागले.